मुलीची पाळी येण्याआधी बोला

पालक सभेत पाळीचा, वयात येण्याचा विषय निघाला की आई म्हणते, “मॅडम, तुम्हीच सांगा, आम्हाला लाज वाटते.” मॅडम म्हणतात, “आम्ही सांगितलं तर उद्या तुम्हीच भांडायला याल.” या ढकलाढकलीत मूल मोबाइलवर दिसेल ते खरं मानून मोकळं होतं.

जुलै २०२५ मध्ये आपल्या शहापुरात काय घडलं, ते तुम्ही वाचलंच असेल. स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून एका खासगी शाळेत पाचवी ते दहावीच्या मुलींना त्या डागांचे फोटो दाखवले, पाळी कोणाची चालू आहे ते सगळ्यांसमोर विचारलं आणि पुढे कपडे उतरवून तपासणी केली. गुन्हा दाखल झाला, मुख्याध्यापिकेला अटक झाली. त्या मुलींच्या मनावर जे ओढवलं, ते अटकेने पुसलं जाणार नाही. अहो, डाग पडला तर मुलीला पाणी हवं, पॅड हवं, झाकणाची कचरापेटी हवी आणि धीर देणाऱ्या बाई हव्यात.

माझं मत स्पष्ट आहे. सुरुवात घरातच व्हायला हवी, कारण शाळेत हा विषय निघेपर्यंत फार उशीर झालेला असतो. तीन-चार वर्षांच्या मुलाला आंघोळ घालतानाच अवयवांची नावं सांगा. इथे कोणी हात लावला तर लगेच मला सांग, मी रागावणार नाही, हेही सांगा. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला शाळेतच चिमुरड्यांवर अत्याचार झाला. त्यानंतर तरी ‘लहान आहे, त्याला काय कळतंय’ म्हणू नका.

मुलगी आठ-नऊ वर्षांची झाली की पाळीबद्दल बोला. नुसतं बोलू नका, एक पॅड उघडून चड्डीवर चिकटवून दाखवा. एक पॅड आणि एक जादा चड्डी दप्तरात कायम असू द्या. पॅड चार ते सहा तासांनी बदलायचं. कापड वापरत असाल तर साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवा. ओढणीखाली लपवून सावलीत वाळवलेलं कापड दमट राहतं. पहिली एक-दोन वर्षं पाळी मागेपुढे होते, घाबरू नका. मात्र आठच्या आत आली, पंधरापर्यंत आलीच नाही, सात दिवसांहून जास्त चालली किंवा तासाला पॅड भिजू लागलं, तर दवाखान्यात आणा.

मुलांकडे तर कोणाचंच लक्ष नसतं. झोपेत वीर्य जाणं हा वाढीचा भाग आहे, त्याने कमजोरी येत नाही, हे वाक्य बापाने मुलाला सांगायचं आहे. नाहीतर तो कसारा लोकलमध्ये चिकटवलेल्या ‘गुप्तरोग’ जाहिरातीतला नंबर फिरवतो आणि पैसे घालवून बसतो.

पण आपल्या शहापूर-मुरबाडमध्ये घर म्हणजे कोणतं घर? दिवाळीनंतर कितीतरी कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. आश्रमशाळेत राहणाऱ्या मुलीला पहिली पाळी येते तेव्हा आई कोसभर लांब नव्हे, दुसऱ्या तालुक्यात असते. तिथे अधीक्षिका हीच आई. आश्रमशाळांना आणि वसतिगृहांना ‘हे पालकांचं काम’ म्हणायचा अधिकार मी देणार नाही. बाकी शाळांनीही शरीराची वाढ, गर्भधारणा, संमती आणि कायदा मुला-मुलींना शिकवलाच पाहिजे, कारण ज्या घरात बोललंच जात नाही तिथल्या मुलांना दुसरा आधार नाही.

अठराच्या आतल्या मुलीला दिवस गेल्याची शंका आली तर गावठी औषधं देऊ नका, थांबू नका. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्यानुसार आम्हा दवाखान्यातल्यांना पोलिसांना कळवावंच लागतं. त्या भीतीने लोक महिने घालवतात आणि मुलीचा जीव धोक्यात येतो. कायद्यानुसार अल्पवयीन मुलीचा गर्भपात २४ आठवड्यांपर्यंत करता येतो, पण जितक्या लवकर याल तितका धोका कमी. मूल अडचणीत असेल तर मुलांसाठीच्या मदतवाहिनीला १०९८ वर फोन करा. आणि तिला आधी जवळ घ्या, प्रश्न नंतर विचारा.