श्वासाचे माप

धान्य आपण मापून घेतो. दूध मापून घेतो. कापड मोजून घेतो. पण श्वास कधी कोणी मोजला आहे का? तुम्ही म्हणाल, "श्वास ही काय मोजायची वस्तू आहे?" आहे. ती कशी मोजतात, ते या पाठात पाहू.

ठाण्यात खोपट नावाचा भाग आहे. तेथे एसटीचा स्टँड आहे. जवळच्या एका चाळीत आम्ही संध्याकाळी शिकवायला जात असू. वर्ग माडीवर भरे. वर्गाला एक काकी येत. त्या मूळच्या शहापूर तालुक्यातल्या. आता लेकाकडे राहायला आलेल्या. जिना अवघा बारा पायऱ्यांचा. पण काकी मध्येच कठडा धरून उभ्या राहत. वर येईपर्यंत त्यांची छाती भात्यासारखी हाले. कितीतरी वेळ तोंडातून शब्द फुटत नसे.

लेक म्हणे, "आई, आता वय झालं तुझं. चालायचंच."

काकींनाही ते पटले होते. त्यांनी बाजार सोडला. देवळात जाणे सोडले. मग वर्गही सुटू लागला.

आम्ही म्हणालो, "काकी, एकदा छाती तपासून घ्या."

"अहो, मी कधी बिडीला हात लावला नाही. मला काय होणार?"

"बिडी नाही ओढली. पण चूल किती वर्षे फुंकली?"

काकी बोटे मोजू लागल्या. "लग्न झाल्यापासनं धरा. चाळीस वर्षं झाली की!"

चुलीचा धूर बिडीसारखाच छातीत जातो. पुण्याच्या झोपडपट्ट्यांत चेस्ट रिसर्च फाउंडेशन या संस्थेने लोकांचे श्वास मोजले. ज्यांच्या श्वासनळ्या अरुंद झालेल्या आढळल्या, त्यांत बिडी-सिगारेट न ओढणारेच जास्त होते.

त्याच चाळीत एक वहिनी राहत. वय तिशीचे. त्यांनाही धाप लागे. पण रोज नाही. हवा बदलली की लागे, पहाटे लागे. लोक दोघींनाही दमेकरी म्हणत. वहिनी कधी कधी काकींच्याच गोळ्या मागून घेत. हे बरे नव्हे. धाप सारखी दिसली, तरी रोग एकच असेल असे नाही.

शेवटी दोघी मिळून रुग्णालयात गेल्या. खोकला दोन आठवड्यांवर गेला असेल, तर आधी क्षयासाठी थुंकी तपासतात. तशी ती तपासली. क्षय नव्हता. मग डॉक्टरांनी विचारले, "नुकताच हृदयविकाराचा झटका आला होता का? डोळ्यांचे ऑपरेशन झाले आहे का? खोकल्यातून रक्त पडते का?" असे काही असेल, तर ते आधी सांगावे. कारण या तपासणीत फार जोराने फुंकावे लागते.

या तपासणीला स्पायरोमेट्री म्हणतात. नाकाला चिमटा लावतात. छाती भरून श्वास घ्यायचा. नळी ओठांत घट्ट धरायची. मग एकदम जोराने फुंकायचे आणि निदान सहा सेकंद फुंकतच राहायचे. असे तीन वेळा तरी करायचे.

यंत्र दोन मापे घेते. एकूण हवा किती निघाली? आणि त्यातली पहिल्या एका सेकंदात किती निघाली?

चुलीची फुंकणी आठवा. फुंकणी साफ असली, की हवा झपकन जाते. आत काजळी साचली, की तीच हवा जायला वेळ लागतो. आपल्या श्वासनळ्यांचे असेच आहे.

हे माप नवे नाही. इंग्लंडात जॉन हचिन्सन नावाचे डॉक्टर होते. त्यांनी पाण्यात उपडे भांडे ठेवले. माणसाने नळीतून फुंकले, की भांडे वर उचलले जाई. जितकी हवा, तितके भांडे वर. दोन हजारांहून अधिक माणसांचे श्वास मोजून त्यांनी १८४६ साली ते माप प्रसिद्ध केले.

आता आपल्या दोघींचे माप पाहा. काकींची एकूण हवा २ लिटर निघाली. पहिल्या सेकंदात १ लिटर. म्हणजे निम्मीच. मग पंपाने औषध ओढायला दिले. पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकले. आकडा जेमतेम हलला. औषध घेऊनही पहिल्या सेकंदात दहा भागांतले सात भाग निघाले नाहीत, तर नळ्या कायमच्या अरुंद झाल्याची ती खूण. या रोगाला सीओपीडी म्हणतात.

वहिनींची एकूण हवा अडीच लिटर. पहिल्या सेकंदात दीड लिटर. औषधानंतर मात्र २ लिटर! त्यांच्या नळ्या आवळत होत्या आणि औषधाने मोकळ्या होत होत्या. तो दमा.

काकींच्या नळ्या पहिल्यासारख्या होणार नव्हत्या. पण उरलेला श्वास सांभाळता येत होता. रोज पंप, धुरापासून दूर राहणे, थोडे थोडे चालणे. काकी चार पायऱ्या चढून थांबायला शिकल्या. पुन्हा वर्गाला येऊ लागल्या.

वहिनींना डॉक्टरांनी पीक फ्लो मीटर दिले. ही एक छोटी नळी असते. तिच्यावर आकडे असतात. फुंकले की काटा सरकतो. वहिनी सकाळ-संध्याकाळ तीनदा फुंकत आणि मोठा आकडा वहीत लिहीत. त्यांचा सर्वांत चांगला आकडा होता ३००. डॉक्टरांनी सांगितले होते, "२४० च्या खाली गेला तर सावध. १५० च्या खाली गेला तर पंप घेऊन लगेच रुग्णालयात या."

एका पहाटे धाप लागली. सासूबाई म्हणाल्या, "उजाडेपर्यंत कळ काढ गं."

वहिनींनी फुंकले. आकडा आला १४०. बोलवत नव्हते. त्यांनी वही पुढे केली आणि आकड्यावर बोट ठेवले. नवऱ्याने पंप आणला आणि रिक्षा बोलावली. वेळेवर उपचार झाले. वहिनी घरी परत आल्या.

वर्षभरापूर्वी त्यांना तो आकडा वाचता येत नव्हता.

आठवा आणि सांगा :

१. तुमच्या घरात जिना चढताना कोण थांबते? त्यांचा श्वास कोणी मोजला आहे का?

२. एकाची औषधे दुसऱ्याने का घेऊ नयेत?

३. एका बाईंचा चांगला आकडा ४०० आहे. त्याचा निम्मा किती?