खुर्चीत बसण्याआधी

बाळ, मॅसॅच्युसेट्समध्ये विशेष शिक्षणाच्या तंट्यांसाठी सुनावणी अधिकारी झालीस, छान झालं. कायदा तुला पाठ आहे. मी सांगतेय ते कायद्याच्या पुस्तकात सापडणार नाही.

अर्ज वीस पानी असला तरी भांडण बहुतेक दोन-तीन मुद्द्यांचं असतं. ते मुद्दे सुनावणीआधीच्या फोनवरच लिहून घे आणि दोन्ही बाजूंना वाचून दाखव. नाहीतर तिसरीतल्या बाई काय लागट बोलल्या, तेही पुराव्यात येतं. आईला ते बोलायचंच असतं. बोलू दे पाच मिनिटं, पण निकाल त्यावर देऊ नकोस.

समोर बऱ्याचदा एका बाजूला स्कूल डिस्ट्रिक्टचा वकील आणि दुसऱ्या बाजूला एकटी आई असते. तिचा खटला तू लढायचा नाहीस. पण पुढची पायरी साध्या भाषेत सांगितली तर तो पक्षपात होत नाही. कागदपत्रं सुनावणीच्या किमान पाच कामकाजाचे दिवस आधी समोरच्याला द्यायची असतात, हे वकिलाला माहीत असतं, तिला नसतं. पहिल्याच पत्रात ठळक लिही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2005च्या शॅफर निकालापासून पुरावा देण्याचा भार दाद मागणाऱ्यावर आहे. न्यूयॉर्क-न्यूजर्सीनं स्वतःचा कायदा करून तो शाळेवर टाकला, तुझ्याकडे तसं नाही. हेही तिला शेवटच्या दिवशी कळू नये.

आपली मराठी माणसं समोर आली तर जरा जास्त सावध राहा. मास्तरांशी वाद घालायचा नाही या संस्कारानं ती आयईपीच्या, म्हणजे मुलाच्या वैयक्तिक शिक्षण योजनेच्या, प्रत्येक मीटिंगमध्ये मान डोलावत आलेली असतात. त्या मान डोलावण्याला संमती समजू नकोस. दुभाषा हवा का, हे तूच विचार. आणि मंडळाच्या गणपतीत ओळख झालेलं कुटुंब असेल तर ते आधीच उघड सांग, गरज पडली तर प्रकरण सोड.

‘प्रगती समाधानकारक’ असं कुणी म्हटलं की मागच्या तीन वर्षांचे आयईपी शेजारी शेजारी ठेव. एंड्रू एफ. हा कोलोरॅडोतला ऑटिझम असलेला मुलगा. त्याच्या पालकांची तक्रार हीच होती, की दरवर्षी तीच उद्दिष्टं पुढे ओढली जातायत. 2017मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की नावापुरत्या प्रगतीवर भागत नाही, त्या मुलाची परिस्थिती पाहून साजेशी प्रगती साधेल अशी योजना हवी. साक्षीदाराला विचार: सप्टेंबरात किती शब्द वाचायचा, जूनमध्ये किती? आकडा न देता विशेषणंच आली, तर तशी नोंद कर.

आदेश मात्र असा लिही की सोमवारी सकाळी शिक्षिकेला तो अमलात आणता यावा. ‘योग्य त्या सेवा द्याव्यात’ हे वाक्य म्हणजे पुढच्या तंट्याचं बी. स्पीच थेरपी आठवड्याला किती मिनिटं, कोण देणार, कुठे, कधीपासून, बुडालेले तास कधी भरून काढणार, सगळं लिही.

निकालाची 45 दिवसांची मुदत तू स्वतःहून वाढवू शकत नाहीस. ती पक्षकाराच्या विनंतीवरूनच वाढते. हरलेल्या बाजूला दिवाणी दाव्यासाठी निकालाच्या तारखेपासून 90 दिवस मिळतात. ते शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत लिही.