खेळा फुकट, पण विकायची असेल तर विचारा

"भाऊ, गेमच दुसऱ्याचा आहे, त्यात तुमचं काय?" हे मला ऐकवलं ते माझीच बस विकून पैसे कमावणाऱ्या माणसानं. म्हणून आधी याच प्रश्नाचं उत्तर देतो.

'बस सिम्युलेटर इंडोनेशिया' हा गेम मालेओ या इंडोनेशियन कंपनीचा, 2017 साली आलेला. रस्ते त्यांचे, स्टिअरिंग त्यांचं, रहदारी त्यांची. पण आपली लालपरी त्यांनी त्यात घातलेली नाही. ती आपल्याकडची पोरं मॉड, म्हणजे गेमला बाहेरून जोडायची फाइल, बनवून घालतात. केरळच्या पोरांनी त्यांच्या टुरिस्ट बस घातल्या, मी गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरी आगाराची गाडी घातली. पत्रा, खिडक्यांच्या सळ्या, सीटची रांग, सगळं ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये एकेक करून उभं केलं. नंबरप्लेट एमएच 40 ठेवली, कारण आमच्या भागातल्या गाड्या नागपूरच्या हिंगणा कार्यशाळेत बांधल्या जातात आणि तिथल्या गाड्यांना तीच पाटी असते. हॉर्न आगारात उभा राहून रेकॉर्ड केला. सुरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांनी आलापल्ली–आष्टी रस्त्यावर जी लाल धूळ उडते, ती डाव्या पत्र्यावर हातानं रंगवली. इथल्या पोरांकडे स्वस्तातले मोबाइल असतात, त्यावर गेम अडकू नये म्हणून मॉडेल पुन्हा पुन्हा हलकं केलं. पावसाळ्यात लाइन गेली की लॅपटॉपची बॅटरी टिकेल तेवढंच काम. यातलं इंडोनेशियाहून काय आलं, ते त्या भाऊनं मला सांगावं.

बस मी फुकट वाटली. खेळणाऱ्या पोरांकडून एक रुपयाही घेतला नाही आणि आजही घेणार नाही. भामरागडच्या पोरानं मोबाइलवर 'अहेरी' लिहिलेली एसटी चालवावी, यासाठीच ती बनवली होती.

मग एका यूट्यूब चॅनेलवाल्याचा मेसेज आला. गाडी आवडली, व्हिडिओ करतो म्हणाला. हेडलाइट नीट पेटत नाहीत, मूळ फाइल द्या, दुरुस्त करून देतो, असंही म्हणाला. मी फाइल दिली, पण व्हॉट्सॲपवर स्पष्ट लिहिलं: माझं नाव द्यायचं आणि विकायची नाही. "हो भाऊ, शंभर टक्के," असं त्याचं उत्तर आलं. ते माझ्याकडे आजही आहे.

पुढे गडचिरोलीच्या एका मित्रानं एक लिंक पाठवली. 'नवीन पेड मॉड, 99 रुपये, पैसे भरल्यावर पासवर्ड मिळेल.' व्हिडिओत गाडी पुण्याची होती. समोरची पाटी पुणे–कोल्हापूर, रंग जरा उजळ, हॉर्न वेगळा. क्षणभर मलाही दुसऱ्या कुणाची वाटली. मग कॅमेरा गाडीच्या मागे फिरला आणि काचेखाली मीच लिहिलेलं दिसलं: अहेरी आगार. ते पुसायचं त्याच्याकडून राहून गेलं होतं. डाव्या पत्र्यावर आलापल्लीची धूळही तशीच होती. पुणे–कोल्हापूर महामार्गावर ही धूळ कुठून आली, हा प्रश्न व्हिडिओखाली 'भारी गाडी' लिहिणाऱ्या एकालाही पडला नाही. मी तो व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. वर्णनात माझं नाव शोधलं, शेवटच्या पाट्यांतही शोधलं. कुठेच नव्हतं.

मी विचारलं तेव्हा आधी नुसत्या निळ्या खुणा. मग सुरुवातीला लिहिलेलं ते वाक्य. मग, "तुमच्या बसला ओळख तर मिळाली ना?" आणि शेवटी, "मॉडिंग ही सेवा आहे, तिच्यात पैसा आणू नये." 99 रुपये घेणाऱ्यानं हे मला शिकवावं, याचा संताप अजून गेलेला नाही. त्यानंतर त्यानं मला ब्लॉक केलं.

सेवेची ही भाषा मोठ्या कंपन्यांच्या दुनियेतही चालते. 2009 मध्ये ब्लिझार्डनं 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या ॲडऑनसाठी, म्हणजे खेळाडूंनीच बनवलेल्या जोडण्यांसाठी, पैसे घ्यायला बंदी केली, गेमच्या आत देणगी मागायलाही मनाई केली. गेमचं मासिक शुल्क मात्र ती कंपनी घेतच राहिली. एप्रिल 2015 मध्ये वाल्वनं 'स्कायरिम'चे मॉड विकायला परवानगी दिली. बनवणाऱ्याच्या वाट्याला 25 टक्के आणि उरलेलं दोन कंपन्यांना. खेळाडू इतके भडकले की काही दिवसांतच योजना गुंडाळावी लागली. फुकट मिळणाऱ्या गोष्टीला पैसे का, हा त्यांचा राग मला कळतो. पण त्या 25 टक्क्यांचा राग त्यांना जास्त यायला हवा होता. उलट 'काउंटर स्ट्राइक' बघा. दोन तरुणांनी 'हाफ लाइफ' या गेमवर बनवलेला तो मॉड. 2000 साली त्याच वाल्वनं त्याचे हक्क घेतले आणि त्या दोघांना कामावर ठेवलं. गेम दुसऱ्याचा असला तरी वर केलेली मेहनत मोजता येते, हे तिथे दिसलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. खेळणाऱ्याला फुकट द्यायचं की नाही, हे बनवणारा ठरवेल. पण त्या मॉडवर कुणी जाहिरातीतून, लिंकमधून किंवा पासवर्ड विकून पैसे कमावत असेल, तर पहिला वाटा बनवणाऱ्याचा.

चंद्रपूर-गडचिरोलीत ब्लेंडर शिकणाऱ्या पोरापोरींनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मूळ ब्लेंड फाइल कुणालाही देऊ नका, दुरुस्तीसाठीसुद्धा नाही. गेममध्ये चालणारी लॉक केलेली फाइलच द्या. नाव एकाच ठिकाणी टाकू नका. पाटीवरचं नाव कुणीही बदलतो, पण सीटखाली, टपावर, टायरच्या आतल्या बाजूला लिहिलेलं चोराला सापडत नाही. प्रत्येक टप्प्याची फाइल तारखेसह स्वतःच्याच ईमेलवर पाठवून ठेवा. व्हॉट्सॲपवरचं बोलणं पूर्ण एक्स्पोर्ट करा, नुसत्या स्क्रीनशॉटवर भागवू नका.

कायदा तुमच्या बाजूनं आहे, हेही माहीत असू द्या. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात हक्क मिळायला नोंदणी लागत नाही. कलम 19 प्रमाणे तुमच्या सहीच्या लेखी कागदाशिवाय हक्क दुसऱ्याकडे जात नाहीत, आणि त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरतात. कलम 57 प्रमाणे, हक्क विकल्यावरही 'हे मी केलं' म्हणायचा अधिकार तुमचाच राहतो. मात्र एसटीचं बोधचिन्ह महामंडळाचं आहे. मॉड विकायचाच असेल तर ते काढून टाका. कुणी काम सांगितलं तर अर्धे पैसे आधी घ्या, ओळखीचा असला तरी. गोड बोलणाऱ्यापासून जपून राहा.

मी यूट्यूबकडे कॉपीराइटची तक्रार केली आणि तो व्हिडिओ निघाला. गाडी मात्र टेलिग्रामवर अजूनही 99 रुपयांना मिळते. ती विकत घेणाऱ्यांना माझी विनंती आहे: पैसे पाठवण्याआधी, ही बनवली कोणी, एवढं विकणाऱ्याला विचारा, आणि त्यानं नाव सांगितलं नाही तर पैसे देऊ नका.