लहान मुलांचे टेनिस : एका चुकीचा हिशेब

टेनिस शिकवणे ही काही अवघड गोष्ट नाही, अशी तीन वर्षांपूर्वी माझी ठाम समजूत होती. मी स्वतः शालेय स्पर्धा खेळलेलो. तेव्हा सात वर्षांच्या धाकट्या बहिणीला मीच शिकवणार, असे घरात जाहीर करून टाकले. नेरुळमधले एक कोर्ट तासाच्या भाड्याने घेतले, बाबांची जुनी रॅकेट तिच्या हाती दिली आणि पलीकडून पिवळे चेंडू मारू लागलो. पंधरा दिवसांत रॅकेट कपाटात गेली. "दादा, मला नाही जमत," एवढेच ती म्हणाली. मला वाटले, हिला आवडच नाही.

आवडीचा प्रश्न नव्हता, मापांचा होता. टेनिसचे कोर्ट २३.७७ मीटर लांब. रॅकेट सुमारे ६८ सेंटिमीटर. सात वर्षांच्या मुलीची उंची साधारण १२० सेंटिमीटर, म्हणजे तिच्या निम्म्या उंचीहून मोठी! नेहमीचा पिवळा चेंडू २५४ सेंटिमीटरवरून सोडला, तर १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळतो. जो चेंडू आपल्या कमरेशी येतो, तो तिच्या खांद्याशी येतो. अशा वेळी मूल मागे मागे सरकते, नाहीतर डोळे मिटून रॅकेट फिरवते. माझ्या बहिणीने दोन्ही केले, आणि मी तिला "चेंडूकडे बघ" म्हणून रागावत राहिलो.

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २००७ साली 'प्ले अँड स्टे' ही मोहीम सुरू केली, ती याच कारणासाठी. लाल चेंडू नेहमीच्या चेंडूपेक्षा ७५ टक्के संथ असतो आणि ९० ते १०५ सेंटिमीटरच उसळतो. त्यापुढे नारिंगी ५० टक्के आणि हिरवा २५ टक्के संथ. कोर्टही त्याप्रमाणे वाढत जाते. २०१२ पासून तर दहा वर्षे व त्याखालील मुलांच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू वापरायचा नाही, असा नियमच आहे.

हे वाचल्यावर मी आमच्या सोसायटीच्या आवाराकडे नव्या नजरेने पाहिले. लाल चेंडूचे कोर्ट जास्तीत जास्त १२.८० मीटर लांब व ६.१० मीटर रुंद. आवारात रंगवलेले बॅडमिंटनचे कोर्ट १३.४० मीटर लांब, आणि रुंदी नेमकी ६.१० मीटर! जाळी काढली, ८० सेंटिमीटरवर सुतळी बांधली, तिच्यावर जुन्या ओढण्या टाकल्या. भाडे शून्य.

पहिला आठवडा रॅकेट दिलीच नाही. चेंडू फेकायचा, एक टप्पा पडू द्यायचा आणि झेलायचा. टप्पा कोठे येईल हे पायांना कळू लागले, की मग लहान रॅकेट. सर्व्हिस खालून. गुण मोजायचे नाहीत. दोघांनी मिळून किती वेळा चेंडू परतवला, ते मोजायचे. पहिल्या दिवशी तीन झाले, महिन्याभराने बावीस. पावसाळ्यात आम्ही इमारतीखालच्या पार्किंगमध्ये स्पंजच्या चेंडूने खेळलो. एका मोटारीच्या आरशावरून सेक्रेटरींशी जे संभाषण झाले, ते येथे छापण्याजोगे नाही.

पालकांची शंका एकच : "खरे टेनिस कधी सुरू होणार?" एक काका तर पिवळ्या चेंडूंचा डबाच घेऊन आले. एका आजींनी "हा साहेबलोकांचा खेळ" म्हणून नाक मुरडले. तेव्हा त्यांना सांगितले, की संस्कृत लेखिका पंडिता क्षमा राव यांच्या कन्या लीला राव यांनी १९३४ साली विम्बल्डनमध्ये सामना जिंकला. असा सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. आजींनी नातीला दुसऱ्या दिवशी वेळेवर खाली पाठवले.

माझी बहीण आता दहा वर्षांची आहे. ती रोज खाली येते, कठड्यावर बसते आणि फटके मोठ्याने मोजते. रॅकेट घेतेस का, असे दोनदा विचारले. "मी मोजते ना," म्हणाली. गेल्या रविवारी एक चेंडू घरंगळत तिच्या पायाशी गेला. तिने तो उचलून परत दिला, पण हातानेच.