संगणक जागा होतो

आमच्या साक्षरता वर्गात एक जुना संगणक आहे. मागे त्याची तारीख रोज चुकू लागली. सकाळी बटण दाबावे, तर तो कित्येक वर्षे मागे गेलेला! बँकेचे पान उघडेना, सातबाऱ्याचे उघडेना. दुरुस्तीवाला आला. म्हणाला, “मदरबोर्ड गेला. काही हजार लागतील.”

मदरबोर्ड म्हणजे काय, ते आधी पाहू.

पडदा म्हणजे संगणक नव्हे. खरा संगणक शेजारच्या पेटीत असतो. पेटीत एक मोठी पाटी असते. बाकीचे भाग तिला जोडलेले असतात. तिलाच मदरबोर्ड म्हणतात. आपल्या घरची वीज 230 व्होल्टची. एवढी वीज या नाजूक भागांना सोसत नाही. म्हणून पॉवर सप्लाय नावाचा डबा ती 12, 5 आणि 3.3 व्होल्ट अशी करून देतो.

बटण दाबले, की प्रोसेसर जागा होतो. हिशेब करणारा तो हाच. पण सांगितल्याशिवाय तो काही करीत नाही. पहिल्या सूचना त्याला बायोस देतो. त्या मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये लिहिलेल्या असतात. बायोस आधी सगळ्यांची हजेरी घेतो. रॅम आहे का? डिस्क आहे का? कोणी गैरहजर असेल, तर पुष्कळ संगणक ‘बीप’ असा आवाज करतात. हजेरी झाली, की डिस्कवरून विंडोज किंवा लिनक्स रॅममध्ये येते. याला संगणक ‘बूट’ झाला असे म्हणतात. शब्द पायातल्या बुटावरूनच आला, बरे का! आपल्याच बुटाचा पट्टा ओढून स्वतःला वर उचलावे, तसे हे काम.

रॅम ही पाटी, डिस्क ही वही. आपण टाइप करतो ते आधी पाटीवर उमटते. वीज गेली, की पाटी पुसली जाते. ‘सेव्ह’ केले, तरच ते वहीत उतरते. अर्धा अर्ज लिहून चहाला जाऊ नये, ते यासाठी.

आता आमची गोष्ट. वर्गातल्या एका मावशींनी विचारले, “अहो दादा, पेटी सुरू होते, पडदा दिसतो. मग मदरबोर्ड गेला कसा? तो सेल पाहिलात का?”

मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो. तो 3 व्होल्टचा असतो. त्यावर बहुधा सीआर 2032 असे लिहिलेले असते. पेटी बंद असताना आतले घड्याळ तोच चालवतो. तो संपला, की तारीख मागे जाते. बँकेच्या पानाच्या ओळखपत्राला मुदत असते. तारीख चुकली, की मुदत जुळत नाही. मग संगणक पान उघडत नाही.

दुरुस्तीवाल्याने थोडे कुरकुरत पेटीची वायर काढली आणि सेल बदलला. आम्ही तारीख नीट लावली. दुसऱ्या दिवशी ती बरोबर होती. मावशींनी पहिला सातबारा स्वतःचाच काढला.