पायाळूची लाथ

१. माझ्या लाथेला गुण आहे, यावर विसाव्या वर्षापर्यंत माझा ठाम विश्वास होता. मी पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय आलेली. भिवंडीत कामतघरला आमची चाळ, भोवती यंत्रमागांची खडखड. सुताचं बीम उचलताना कुणाच्या कमरेत उसण भरली की तो थेट आमच्या दारात येऊन पालथा पडायचा आणि मी कमरेला तीनदा पाय लावायचे. समोरच्या कारखान्यातले चाचा यायचे, पद्मानगरच्या तेलुगू मावशी यायच्या. दुखऱ्या कमरेनं कधी कुणाची जात विचारली नाही. चाचा जाताना लिमलेटची गोळी द्यायचे. साधी उसण चार-आठ दिवसांत आपली आपणही उतरते हे मला कळलं, तोवर गोळ्या खाऊन संपल्या होत्या.

२. मोठेपणाची किंमत पावसाळ्यात मोजावी लागते. पायाळूवर वीज पडते म्हणे. आभाळ गडगडलं की पोरं वऱ्हाळा तळ्याकडे पळत आणि आजी मला घरात कोंडून ठेवी.

३. शिक्षण रात्री झोपी जातं. छत्तिसाव्या आठवड्यात सोनोग्राफीत बाळाचं डोकं माझ्या बरगड्यांखाली दिसलं. "घरचंच वळण," सासूबाई म्हणाल्या. डॉक्टरबाईंनी नीट समजावलं : अठ्ठाविसाव्या आठवड्यात चार-पाचांतलं एक बाळ उलटं असतं, बहुतेक पुढे गिरकी घेतात, दिवस भरेपर्यंत शंभरात तीन-चारच तशी उरतात. कधी गर्भाशयाची ठेवण, कधी वारेची जागा, पुष्कळदा कारणच सापडत नाही. सगळं पटलं. आणि रात्री मी आठवत बसले, ग्रहणात विळीला हात लावला होता का!

४. नावं ठेवण्यात आपण जुने. सुश्रुतसंहितेत अडलेल्या गर्भाच्या चार तऱ्हा आहेत : कील, प्रतिखुर, बीजक, परिघ. परिघ म्हणजे दाराचा अडसर, तसं आडवं पडलेलं मूल. शेजारच्या कल्याणात जन्मलेल्या आनंदीबाई जोशींनी १८८६ साली फिलाडेल्फियात आपल्याकडच्या जुन्या प्रसूतिविद्येवरच प्रबंध लिहिला. मला हे पोट पुढे आल्यावर कळलं.

५. पोटावरून हातानं बाळ फिरवता येतं, साधारण निम्म्या वेळा जमतं. माझ्या पोटात पाणी कमी, म्हणून तो बेत रद्द. २००० साली २६ देशांतल्या दोन हजारांवर बायकांचा अभ्यास आला, तेव्हापासून उलट्या बाळाला सिझेरियन हाच रिवाज पडला. मी मुकाट सही केली.

६. माझा हुद्दाच खोटा निघाला. लेक जन्मली ती बुडावर बसलेली, दोन्ही पाय कानांशी. दुपट्यातही टाचा नाकाजवळच. पाय घट्ट बांधू नका, दीड महिन्यानं खुब्यांची सोनोग्राफी करा, असं बजावलं होतं. आईनं तिला पाहिलं आणि हसली. "तूही अश्शीच. आधी ढुंगण आलं. पाय कुठले?" मी हसले, टाके दुखले. मग ती सांगू लागली. धड बाहेर, डोकं आत. सुईणीनं दोन्ही हात मागे घेतले आणि सगळ्यांवर ओरडली, "कुणी ओढायचं नाही!" ओढलं की हनुवटी वर होते आणि डोकं अडकतं, हे तिला कुणी शिकवलं असेल?

"किती वेळ गं?"

"काय माहीत. लाइट गेली होती. माग बंद पडले होते, एवढं आठवतं."

"मला कधी बोलली नाहीस."

"घरात सगळी तुझ्या लाथेचीच गोष्ट," दुपटं सैल करत आई म्हणाली. "माझं कुणी विचारलं?"