आधी ओटीपोटावर हात ठेव

रिठद, ता. रिसोड, जि. वाशीम

चि. छकुलीस,

तुझ्या नेमणुकीचं पत्र आल्याचं बाबांनी फोनवर सांगितलं. आता रात्रपाळीला तू एकटी असशील, डॉक्टर बाळंतपणात गुंतलेले असतील, आणि कुणीतरी येऊन म्हणेल, ‘सिस्टर, कालपासून लघवीच नाही.’ त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

मी नोकरीत नवीन असताना असेच एक आजोबा आले होते. अंगातलं पाणी कमी झालं असेल असं धरून त्यांना सलाईन लावलेलं, लघवीचं इंजेक्शनही दिलेलं. पहिली बाटली संपली, दुसरी मी लावली. ते सारखे कूस बदलत होते, दोन्ही मुठी ओटीपोटात दाबून धरत होते. मला वाटलं, तापाची तगमग असेल. पहाटे मोठ्या सिस्टर आल्या, त्यांनी धोतर सैल केलं आणि हात ठेवला. बेंबीपर्यंत पोट कलिंगडासारखं टणक. नळी टाकली तर दीड लिटर लघवी निघाली. आजोबा ओक्साबोक्शी रडले. प्रोस्टेट आधीच वाढलेली, त्यात सर्दीसाठी तीन दिवस दुकानातून आणलेल्या गोळ्या. त्या गोळ्यांनी मूत्राशयाचं तोंड आवळलं होतं. क्रिएटिनिन चढलं होतं, ते पुढे उतरलं. पण भरलेल्या हौदात रात्रभर आम्ही पाणी सोडत होतो, हे मी अजून विसरलेले नाही.

म्हणून आधी हात ठेव, मग बाटली. नळी टाकल्यावरही पाठ फिरवू नकोस. अडलेली लघवी सुटली की कधीकधी बादलीभर होते आणि बीपी खाली येतं. दर तासाला मोजून लिही.

तेरा-चौदा वर्षांची पोर लघवी अडली म्हणून आली, तर पाळी आली का ते विचार, आणि बाप-भावासमोर विचारू नकोस. पाळी आलेली नाही, पण महिन्याच्या महिन्याला पोट दुखतं असं म्हणाली, तर योनीमुखावरचा पडदा पूर्ण बंद असू शकतो. पाळीचं रक्त आत साठून मूत्रमार्ग दाबला जातो. ‘जंत असतील’ म्हणत अशा पोरींचे महिनेच्या महिने वाया जातात. लहानशा ऑपरेशनने ती मोकळी होते.

हाताला पोट मऊ लागलं म्हणून अडथळा नाहीच, असं मात्र समजू नकोस. मूत्राशयाच्या वरही वाट बंद होते. गर्भाशयाच्या मुखाजवळूनच दोन्ही मूत्रनलिका जातात. तिथला कॅन्सर बाजूला पसरला की दोन्ही दाबल्या जातात, किडन्या फुगतात आणि मूत्राशय रिकामंच राहतं. अशी बाई उलट्या, सूज, धाप घेऊन येते. अंगावरून जातंय हे ती आपणहून सांगत नाही, वर्षभर लपवलेलं असतं. तिची सोनोग्राफी त्याच दिवशी व्हायला हवी. आपल्याच राज्यात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत १९९९ पासून १ लाख ३१ हजारांवर बायकांचा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे २००९ साली जगापुढे आलं. तुझ्या हद्दीतल्या तिशीपुढच्या बायकांना तपासणीला ने. मला तर ते किडनीचंच काम वाटतं.

आणि गोळ्यांची पिशवी उलटी करायला लाव. सोयाबीनच्या सोंगणीत उन्हात दिवसभर वाकायचं, पाणी कमी प्यायचं, रात्री कंबरदुखीची गोळी घ्यायची. एवढ्यानेही किडनी बसते. सोंगणीतच घोणस चावते, तिच्या विषानेही किडनी बसते. घोणस चावलेला पेशंट आला की पहिल्या लघवीचा रंग स्वतः बघ.

लेकरू आलं तर खोकल्याची बाटलीच मागवून घे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण किडन्या बंद पडून गेले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होतं. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने औषधखरेदीतला सगळा गलथानपणा उघडा केला. तरी २०२५ मध्ये छिंदवाड्याची लेकरं नागपूरला आणावी लागली, तेच विष, आता सिरपमधून. साधा ताप-खोकला, मग उलट्या, मग लघवी बंद. त्या आयांनी आपल्या हाताने चमच्याने औषध पाजलं होतं. हे वाचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. म्हणून बाटली फेकू देऊ नकोस. नाव, बॅच नंबर लिहून घे आणि बाटली पेशंटबरोबरच पुढे पाठव.

वाशीमला किंवा अकोल्याला पाठवताना चिठ्ठीवर शेवटची लघवी किती वाजता झाली ते लिही. ‘सकाळी’ लिहू नकोस, वेळ लिही. तिथला डॉक्टर त्यावरच पुढचे तास मोजतो.

थंडी सुरू झाली आहे. पोटावर ठेवण्याआधी हात चोळून गरम करून घेत जा.

तुझी,
आत्या